पार्टची क्रेट कामगाराच्या कंबरेला परवडते का, हे कसं तपासावं

कारखान्यात नवा पार्ट येणार असं ठरलं की त्याची क्रेट कोण ठरवतं? बहुतेक ठिकाणी ट्रक. ट्रकमध्ये किती पॅलेट बसतात, पॅलेटवर किती क्रेट रचता येतात आणि क्रेटमध्ये किती नग मावतात, या हिशेबातून माप निघतं. ऑर्डर जाते, शेकड्यांनी क्रेट येऊन पडतात, आणि लाइनवरचा माणूस वाकून तळाचा पार्ट काढू लागला की तक्रारी सुरू होतात. तोवर पैसे खर्च झालेले असतात, म्हणून उत्तरही ठरलेलं असतं: "होईल सवय." चाकण असो, भोसरी असो की वाळूज, ही गोष्ट सगळीकडे सारखीच.

हे टाळायचं तर ड्रॉइंग पक्कं होण्याआधी तपासणी करायची. त्यासाठी वजनकाटा, टेप, स्प्रिंग बॅलन्स आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो.

१. क्रेटच्या मागोमाग फिरा

सध्याची अशीच एखादी क्रेट निवडा आणि ती ट्रकमधून उतरल्यापासून रिकामी होऊन परत जाईपर्यंत तिला हात कुणाकुणाचे लागतात ते लिहून काढा. ट्रकवर बऱ्याचदा माथाडी कामगार असतात, स्टोअरमध्ये हेल्पर, लाइनवर माल पोचवणारा वेगळा, आणि शेवटी ऑपरेटर. मीटिंगमध्ये फक्त ऑपरेटरचा विचार होतो. दिवसभरात सर्वात जास्त क्रेट उचलणारा मात्र दुसराच कुणीतरी निघतो. शिफ्टमध्ये किती वेळा उचल होते हे स्वतः उभं राहून मोजा, प्रोसेस शीटवरच्या आकड्यावर विसंबू नका.

२. भरून वजन करा

क्रेट छोटी दिसते म्हणून ती हलकी असते असं नाही. १० लिटरच्या क्रेटमध्ये स्टीलचे बोल्ट ओतले आणि निम्मी जागा पोकळीची धरली, तरी वजन ३९ किलोच्या आसपास जातं. तेच प्लास्टिकचे क्लिप असतील तर त्याच क्रेटला कुणी नावही ठेवणार नाही.

मर्यादा किती धरायची? अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्याच्या संस्थेच्या उचलण्याच्या सूत्रात २३ किलो हा आकडा आहे, पण तो सगळं आदर्श असताना: वजन अंगाजवळ, हात कंबरेच्या उंचीला, कुठे वळायचं नाही, अधूनमधूनच उचलायचं. रोजच्या कामात यातलं काहीच जुळत नाही, म्हणून खरी मर्यादा बरीच खाली येते. ती कशी, ते पुढच्या पायरीत.

वजनाची मर्यादा ठरली की नगांची संख्या तिच्यावरून काढा. समजा मर्यादा १२ किलो, रिकामी क्रेट १.२ किलोची आणि पार्ट ४०० ग्रॅमचा. २७ नग बसतात. २५ करा, मोजायलाही सोपं. आणि क्रेटची उंची किंवा आतलं पार्टिशन असं ठेवा की सव्विसावा नग शिरूच नये. नुसतं "२५ नग" असं स्टिकर लावलं तर सप्लायर महिन्याभरात चाळीस भरायला लागतो, कारण त्याला फेरी वाचवायची असते.

३. सूत्राला मापं द्या

नायोशचं सुधारित सूत्र १९९१ चं आहे आणि कुठल्याही एक्सेल शीटमध्ये बसतं. २३ किलोला सहा गुणक लागतात: हात अंगापासून किती लांब, जमिनीपासून किती उंच, किती अंतर वर-खाली न्यायचं, अंग किती वळतं, मिनिटाला किती उचली, आणि पकड कशी.

एक उदाहरण बघू. ६०० बाय ४०० मिलिमीटरची क्रेट पॅलेटच्या सर्वात खालच्या थरात आहे. कडेखाली बोटं घालून उचलताना हात जमिनीपासून २० सेंटिमीटरवर, घोट्यांपासून ४५ सेंटिमीटर पुढे. ठेवायची ८० सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर, मिनिटाला एक, पूर्ण शिफ्टभर. गुणाकार केला की सुचवलेली मर्यादा उरते सुमारे ६.८ किलो. क्रेट १४ किलोची असेल तर भार दुपटीहून जास्त झाला.

आता पॅलेट अशा लिफ्ट टेबलवर ठेवा की हात ७५ सेंटिमीटरवर यावेत. क्रेट तीच, पण आता ती अंगाजवळ, ४० सेंटिमीटरवर धरता येते, आणि मर्यादा १०.८ किलोपर्यंत चढते. मग क्रेटच बदला: ४०० बाय ३००, लांब बाजू अंगाकडे. पोटापासूनचं अंतर ५ सेंटिमीटरनं कमी झालं आणि मर्यादा १२.३ किलो झाली. लहान क्रेटमध्ये माल कमी बसतो, त्यामुळे १२ किलोचं बंधन पाळायला त्रासही होत नाही. माझ्या मते सर्वात जास्त फायदा या दोन बदलांत आहे, आणि दोन्ही ड्रॉइंग बोर्डावर फुकट होतात.

ठेवताना क्रेट अलगद टेकवायची असेल तर ठेवण्याच्या जागीही हाच हिशेब करा. आणि एका हाताची उचल, बसून केलेली उचल किंवा ट्रॉली ढकलणं यांना हे सूत्र लावू नका. ते त्यासाठी नाही.

४. तळातला शेवटचा पार्ट

जाळीच्या मोठ्या बिनमध्ये खरी पंचाईत असते. वरचा थर काढताना माणूस ताठ उभा असतो. तळाच्या कोपऱ्यातला पार्ट काढताना पोट काठावर टेकतं, एक पाय उचलला जातो आणि अख्ख्या धडाचा भार कंबरेवर येतो. पार्ट २०० ग्रॅमचा का असेना, माणूस स्वतःचंच अंग उचलत असतो.

इथे कॅमेरा बाजूनं लावा आणि तळाचा नग काढतानाचा फोटो घ्या. धड ६० अंशांपेक्षा जास्त वाकलं असेल तर रेबा या अंगस्थितीला गुण देणाऱ्या पद्धतीत धडाला वाकण्याचा सर्वात वरचा गुण मिळतो, आणि वाकताना वळतही असेल तर त्यात एक वाढतो. वरचा थर काढतानाचा देखणा फोटो रिपोर्टला लावून काम भागवणारे खूप भेटतात. खोल, मध्य आणि वर, तिन्ही थरांचे फोटो मागा.

उपाय तसे साधे. बिनची एक बाजू खाली पडणारी करा. बिन तिरकी करणारं स्टँड लावा. तळाला स्प्रिंगची प्लेट द्या, म्हणजे माल कमी होईल तसा थर वर येतो. तिरकं करताना पार्ट घसरून एकमेकांवर आपटणार असतील तर आधी क्वालिटीवाल्यांना विचारा.

५. पकड

हातमोजे घालून तपासा, आणि मोज्यांना तेल लागलेलं असताना. हाताच्या खाचेची लांबी किमान ११.५ सेंटिमीटर, उंची ३.८ सेंटिमीटर, आणि बोटांमागे ५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. मोल्डिंगची धार बोटात रुतत असेल तर कडा गोल करून घ्या. खाच दोन्ही आखूड बाजूंना आणि वरच्या भागात असावी.

६. ट्रॉली

स्प्रिंग बॅलन्स अडकवून ट्रॉली ओढा. सुरुवातीचा झटका आणि चालतानाची ओढ वेगवेगळी लिहा. सुरुवातीचा आकडा नेहमी मोठा असतो. चकाचक मार्गिकेवर न मोजता मशीनजवळ मोजा, जिथे चाकाखाली धातूच्या चिप्स येतात. लहान चाक स्वस्त पडतं आणि फरशीच्या पहिल्याच सांध्यात अडकतं.

७. पुठ्ठ्याची क्रेट करून बघा

टूलिंगला पैसे घालण्याआधी पुठ्ठा आणि प्लायवूडची खऱ्या मापाची क्रेट बनवा, खऱ्या वजनानं भरा आणि लाइनवर एक शिफ्ट चालवा. लाइनवरची सर्वात बुटकी व्यक्ती आणि सर्वात उंच, दोघांनाही उचलायला लावा. बायका काम करत असतील तर त्यांच्याविना घेतलेली ट्रायल धरू नका. "कसं वाटतं?" असं विचारलं तर "ठीक आहे साहेब" एवढंच मिळतं. "रात्रपाळीत पाच वाजता हीच क्रेट दिली तर कुठे दुखेल?" असं विचारा, मग लोक बोलतात. सुपरवायझर शेजारी उभा असेल तर तेव्हाही बोलणार नाहीत.

रिकाम्या क्रेटचीही ट्रायल घ्या. एकात एक घट्ट अडकलेल्या क्रेट झटका देऊन सोडवताना खांदा भरून येतो, आणि रिकाम्यांचा मनोरा डोक्यावर गेला की वरची काढताना मान मागे जाते. मनोऱ्याची उंची खांद्यापर्यंतच ठेवा.

ट्रायल पास झाली की ड्रॉइंगवरच तीन आकडे टाका: कमाल नग, भरलेलं वजन, आणि उचलण्याची सर्वात खालची व वरची उंची. वर्षा-दोन वर्षांनी पर्चेसमधला नवा माणूस स्वस्तातली मोठी क्रेट शोधून आणेल, तेव्हा त्याच्याकडे हेच आकडे मागा.