स्लाइडच्या कोपऱ्यात माझा चेहरा

दहावीची भूमिती ऑनलाइन शिकवते तेव्हा मुलांना आकृतीसोबत माझा चेहराही दिसावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी मी पॉवरपॉइंटमधलं ‘कॅमिओ’, म्हणजे स्लाइडवरच कॅमेऱ्याचं थेट चित्र दाखवणारं साधन, वापरते. ते मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये मिळतं.

‘इन्सर्ट’मध्ये जाऊन ‘कॅमिओ’ निवडा, स्लाइडवर कॅमेऱ्याची चौकट येते. ती निवडली की वर कॅमेऱ्याचा टॅब उघडतो: आकार, कडा, सावली सगळं तिथेच. गोल हवा असेल तर आधी क्रॉपमधून गुणोत्तर १:१ करा, नाहीतर लांबट अंडं होतं. कडेला स्लाइडच्या शीर्षकाचाच रंग द्या. चकाकी, जाड सावली मी टाळते. मुलांची नजर त्रिकोणावरच हवी.

मला सर्वांत आवडतं ते ‘मॉर्फ’, म्हणजे एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना वस्तू अलगद सरकत बदलते तो परिणाम. स्लाइडची प्रत काढा, प्रतीत चौकट मोठी करून मध्यभागी आणा आणि त्या प्रतीला मॉर्फ ट्रान्झिशन लावा. प्रमेय संपलं की कोपऱ्यातली मी अलगद समोर येते, मग शंका विचारायला मुलं पटकन बोलतात.

उजेड समोरून घ्या; खिडकी पाठीशी असली तर चेहरा काळवंडतो. मीटिंगच्या ॲपमधला कॅमेरा आधी बंद करा, नाहीतर बऱ्याचदा चौकट रिकामी राहते.