रस्ते-पुलांच्या सेल्स टॅक्सवर मत देण्याआधी मेजर (मतपत्रिकेवरचा प्रस्ताव) कसं वाचावं

कॅलिफोर्नियात आपल्या शहराने किंवा काउंटीने रस्ते-पुलांसाठी डॉलरमागे अर्धा सेंट सेल्स टॅक्स सुचवला, की लोक विचारतात, "मला किती पडेल?" हा हिशेब मिनिटाचा आहे. १०० डॉलरच्या खरेदीवर ५० सेंट, ३०,००० डॉलरच्या गाडीवर १५० डॉलर. इथे बहुतेक किराणा आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं यातून सुटतात. झाला हिशेब.

आता मेजरचा पूर्ण मसुदा उघडा. मतपत्रिकेवर ७५ शब्दांपलीकडे काही मावत नाही. तेवढं वाचून मत देऊ नका, "रस्त्यांसाठीच आहे" असं कुणी सांगितलं तरी.

खरी अडचण पुढे आहे: हा टॅक्स जनरल आहे की स्पेशल? स्पेशल टॅक्सचा पैसा ठरलेल्या कामालाच बांधलेला असतो. जनरल टॅक्सचा पैसा जनरल फंडात, म्हणजे सर्वसाधारण खर्चाच्या तिजोरीत जातो आणि कौन्सिल (शहराचं निवडून आलेलं मंडळ) तो कशावरही खर्च करू शकते. मी इथेच फसले. आमच्या शहराच्या मेजरमध्ये पहिलाच शब्द 'खड्डे' होता. मी हो म्हटलं, शेजाऱ्यांनाही पटवलं. दोन वर्षांनी बजेट पाहिलं तर मोठा वाटा पगार-पेन्शनमध्ये गेलेला. सभेत उभं राहून विचारलं, तर उत्तर मिळालं की यात बेकायदा काहीच नाही. ते खरंच होतं. तो जनरल टॅक्स होता, आणि मी मसुदा वाचलाच नव्हता.

म्हणून आधी बहुमताची अट पाहा. १९९६च्या प्रपोझिशन २१८ (राज्यातल्या मतदारांनी मंजूर केलेला नियम) प्रमाणे स्पेशल टॅक्सला दोन-तृतीयांश मतं लागतात, जनरलला साधं बहुमत पुरतं. पण नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या स्पेशल टॅक्सलाही न्यायालयांनी साधं बहुमत मान्य केलं आहे, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. शहराच्या किंवा काउंटीच्या वकिलाचं तटस्थ विश्लेषण वाचा, त्यात प्रकार स्पष्ट लिहिलेला असतो. "रस्ते, पूल यांसारख्या सेवा" असं दिसलं, तर त्या 'यांसारख्या'वर बोट ठेवा. कधी जोडीला "पैसा रस्त्यांवर खर्चावा का?" असं वेगळं सल्लागार मेजर येतं. ते कौन्सिलवर बंधनकारक नसतं. त्याला बंधन समजून कुणी मत मागितलं, तर मी तिथल्या तिथे दुरुस्त करते.

स्पेशल असेल तर खर्चाचा आराखडा काढा. कामांची नावं हवीत, नुसतं "सुधारणा" नको. पुलाचं नाव असेल तर त्याचं तपासणीचं रेटिंग विचारा. ० ते ९ मध्ये ४ किंवा कमी म्हणजे वाईट अवस्था. रस्त्यांवर आज होणारा खर्च कमी करून नवा पैसा त्या जागी भरायचा नाही, असं कलम शोधा. ते नसेल तर माझं मत नाही, कारण टॅक्स वाढतो आणि रस्ते तसेच राहतात.

मुदतही पाहा. लॉस एंजेलिस काउंटीच्या २००८च्या मेजर आरला ३० वर्षांची मुदत होती, २०१६च्या मेजर एमला मतदार रद्द करेपर्यंत मुदतच नाही.

काही अडलं तर सिटी क्लर्कला (शहराच्या निवडणुकांचं काम पाहणारा अधिकारी) ईमेल करा आणि उत्तर लेखीच मागा.