रिव्हर्स लाइट लागत नाही? स्विच घ्यायच्या आधी एवढं बघा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम चालतं. मारुती ८००, ओम्नी, झेन, सँट्रो अशा जुन्या गाड्यांना पंधरा वर्षं भरली की त्या पुन्हा पासिंगला न्यायच्या असतात, आणि त्याआधी दिवे तपासायला म्हणून माझ्याकडं येतात. बऱ्याच जणांच्या हातात रिव्हर्सचा नवा स्विच आधीच असतो, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं, "स्विच गेलाय." कधी खरंच गेलेला असतो. पण पैसे घालायच्या आधी दोष कुठं आहे ते घरच्या घरी कळतं. मंगळवार पेठेतल्या एखाद्या बोळातनं रात्री गाडी मागं घेताना मागं खेळणाऱ्या पोराला गाडी येतेय हे सांगणारा हा एकच दिवा आहे, त्यामुळं तो बंद ठेवून गाडी चालवू नका.

आधी करंटची वाट समजून घ्या. चावी ऑन केली की करंट फ्यूजमधनं गिअरबॉक्सवरच्या स्विचला जातो, तिथनं मागच्या बल्बला, आणि बल्बमधनं बॉडीला, म्हणजे अर्थला. स्विचमध्ये फार काही नसतं. रिव्हर्स पडला की गिअरबॉक्सच्या आतला भाग स्विचची पिन दाबतो आणि दोन वायरी एकमेकींना जोडल्या जातात. म्हणून तपासायला इंजिन चालू करायची गरज नाही. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, चावी ऑन करा, क्लच दाबून रिव्हर्स टाका. गिअर पडत नसेल तर हँडब्रेक आणि दगड काढून, क्लच दाबूनच गाडी थोडी हलवा, मग दोन्ही परत लावा. मागं बघायला माणूस नसेल तर गाडीचं तोंड रस्त्याकडं आणि पाठ भिंतीकडं करा, उजेड आरशात दिसतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मात्र चावी उगाच ऑन ठेवून बसू नका, कॉइल तापते आणि बॅटरीही उतरते.

एकच बाजू बंद असेल तर फ्यूज आणि स्विच विसरा, ते दोघं चांगले आहेत. दोष त्या बाजूच्या बल्बमध्ये, होल्डरमध्ये किंवा अर्थमध्ये आहे. बल्ब १२ व्होल्ट २१ वॅटचा, एका टोकाचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या इंडिकेटरलाही हाच पांढऱ्या काचेचा बल्ब असतो, तो काढून इथं लावून बघा. ब्रेकचा बल्ब दोन टोकांचा असतो, तो जबरदस्तीनं बसवायला जाऊ नका.

दोन्ही बाजू बंद असतील तरी बल्ब एकदा बघाच, कारण एक आधीच गेलेला असतो आणि दुसरा गेल्यावरच मालकाच्या लक्षात येतं. मग फ्यूज. बहुतेक गाड्यांत हा फ्यूज एकट्या रिव्हर्स लाइटचा नसतो, इंडिकेटर किंवा मीटरही त्याच्यावरच असतात. तेही बंद असतील तर उत्तर तिथंच मिळालं. पण फ्यूज उडाला का, हे शोधा. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण साडेतीन अँपिअर घेतात, तेवढ्यानं फ्यूज उडत नाही. नवा लावल्यावर रिव्हर्स टाकताच परत उडाला तर वायर कुठंतरी बॉडीला चिकटलीय. जास्त अँपिअरचा फ्यूज लावू नका आणि तार तर मुळीच गुंडाळू नका, वायरिंग जळतं.

माझ्याकडं आलेल्या गाड्यांत अशा शॉर्टचं कारण पुष्कळदा रिव्हर्सचा हॉर्न किंवा कॅमेरा निघतो. बसवणारा मूळ वायर सोलतो, पिळ मारतो, वर टेप गुंडाळतो आणि मोकळा होतो. डिकीच्या कोपऱ्यात तो जॉइंट ओला होतो, हिरवा पडतो. आधी ही जादाची जोडणी सुटी करून बघा.

आता मुख्य चाचणी. बोनेट उघडा (ओम्नीत गाडीखालनं बघा), गिअरबॉक्सवर स्क्रूसारखा बसवलेला, दोन वायरींचा स्विच शोधा. त्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढा, चावी ऑन करा आणि वायरीच्या बाजूच्या दोन पिना छोट्या वायरीनं जोडा. मागचे दिवे लागले तर दोष स्विचमध्ये किंवा त्याला दाबणाऱ्या भागात. नाही लागले तर स्विचचा संबंध नाही. मग पिनांवर करंट येतोय का बघा: एका पिनेवर यायलाच पाहिजे. नसेल तर फ्यूजपासून इथंपर्यंत वायर तुटलीय. असेल तर इथनं मागं बल्बपर्यंतची वायर तुटलीय किंवा बल्बचा अर्थ गेलाय.

करंट बघताना नुसत्या मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका. आतून गंजलेली वायरसुद्धा काही जोडलेलं नसताना १२ व्होल्ट दाखवते, आणि बल्ब लावला की जीव सोडते. म्हणून जुन्या होल्डरला दोन वायरी लावून २१ वॅटचा बल्ब घ्या, एक वायर पिनेला आणि दुसरी बॉडीला लावा, तोच खरं सांगतो.

आपल्याकडच्या पावसात मला सगळ्यात जास्त सापडणारा दोष अर्थचा. इंडिकेटर लावल्यावर रिव्हर्सचा बल्ब मंद लुकलुकतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो, असं काही दिसलं तर अर्थच धरा. अर्थ तुटला की करंट दुसऱ्या बल्बमधनं वाट काढतो. बल्बच्या होल्डरपासून बॉडीच्या चांगल्या नटापर्यंत एक वायर लावा, दिवा उजळला की कारण सापडलं. तो नट काढा, गंज आणि रंग घासून काढा, घट्ट बसवा, वर पेट्रोलियम जेली लावा. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत तर मी सुरुवातच इथनं करतो. ज्या गाड्यांचे दिवे डिकीच्या दारावर आहेत, त्यांत दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीत वायरी वाकून वाकून तुटतात, तीही चाचपून बघा.

स्विचच दोषी ठरला तर तो काढायच्या आधी एक प्रयोग करा. कपलर परत लावा, गिअर रिव्हर्समध्ये ठेवून दांडा हातानं थोडा आणखी रेटा. दिवा लुकलुकला तर स्विचची पिन झिजलीय किंवा दांड्याच्या जोडाचे बुश, म्हणजे आतल्या छोट्या बांगड्या, सैल झालेत. बुश सैल असतील तर नवा स्विचही तसाच वागेल.

स्विच सोडवताना खाली भांडं ठेवा, काही गाड्यांत तिथनं गिअर ऑइल येतं. वॉशर नवा आणि मूळच्याच जाडीचा घ्या. जाड वॉशर घातला तर पिन आतपर्यंत पोचत नाही आणि नवा स्विच चालत नाही. गिअरबॉक्स ॲल्युमिनियमचा असतो, आटे आधी हातानं पकडवा, मगच पाना लावा, आणि जोर लावू नका. शेवटी ऑइल किती गेलं ते बघून तेवढं भरा.