इंग्लंडमध्ये रानकबुतरांची शिकार : सुरुवात कशी करावी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतात हौसेची शिकार बंद आहे. त्यामुळे इंग्लंडच्या ग्रामीण भागात येऊन राहिलेल्या मराठी माणसाला शेजारचा शेतकरी किंवा त्याचा मित्र उघडपणे बंदूक घेऊन कबुतरांच्या मागे जाताना दिसला, की प्रथम आश्चर्य वाटते. येथील कायदा वेगळा आहे, पण तो सैल आहे असे समजू नये. पुढील माहिती केवळ इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे परवाने वेगळे असतात. भारतात राहून बंदुकीची आवड जोपासू इच्छिणाऱ्यांसाठी मातीच्या चकत्यांवरील नेमबाजी, म्हणजे ट्रॅप आणि स्कीट, हाच योग्य मार्ग आहे.

येथे ज्याची शिकार होते ते रानकबुतर आपल्या इमारतींच्या वळचणीला बसणाऱ्या पारव्यापेक्षा बरेच मोठे, सुमारे अर्धा किलो वजनाचे असते. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा डाग असतो आणि उडताना पंखांवरचे पांढरे पट्टे लांबूनही दिसतात. कोवळ्या पिल्लांच्या मानेवर हा डाग नसतो, म्हणून पंखांकडे पाहण्याची सवय लावावी. यांच्याच थव्यात कधी कधी स्टॉक डव्ह नावाचा लहान चणीचा, पांढरी खूण नसलेला पक्षी असतो. त्याला कायद्याचे संरक्षण आहे. शर्यतीची पाळीव कबुतरेही शेतांवरून जात असतात आणि ती कोणाची तरी मालमत्ता असते. पक्षी निश्चित ओळखता येत नसेल, तर बंदूक खांद्याला लावूच नये.

इंग्लंडमध्ये सर्वच रानपक्ष्यांना १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण क्षेत्र कायद्याचे संरक्षण आहे. रानकबुतर मारता येते ते जीएल ४२ या सर्वसाधारण परवान्यामुळे आणि तेही पिकाचे गंभीर नुकसान टाळण्यासाठीच. या परवान्यासाठी अर्ज करावा लागत नाही, परंतु त्याच्या अटी पाळल्या नाहीत तर तो गुन्हा ठरतो. बुजगावणी, पतंग, ठरावीक वेळाने आवाज काढणाऱ्या गॅसच्या तोफा असे उपाय शेतकऱ्याने केलेले असावेत किंवा ते का चालत नाहीत याचे उत्तर त्याच्याकडे असावे. केवळ हौस हे कारण या परवान्यात बसत नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये न्यायालयीन आव्हानानंतर त्या वेळचे परवाने अचानक मागे घेतले गेले आणि ऐन पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्यांची मोठी अडचण झाली. म्हणून प्रत्येक हंगामापूर्वी सरकारी संकेतस्थळावरील ताज्या अटी स्वतः वाचाव्यात. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

बंदूक विकत घेण्याची घाई करू नये. मातीच्या चकत्यांच्या मान्यताप्राप्त मैदानावर प्रमाणपत्राशिवायही प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तेथील बंदूक वापरता येते. काही शिकवण्या तेथेच घ्याव्यात. त्यानंतर स्थानिक पोलिसांकडे शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, बाळगण्याच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. डॉक्टरांकडून वैद्यकीय माहिती मागवली जाते, पोलीस अधिकारी घरी येऊन विचारपूस करतात आणि बंदुकीचे कुलूपबंद कपाट भिंतीला पक्के बसवले आहे का ते पाहतात. त्या कपाटाची किल्ली घरातील दुसऱ्या कोणालाही, अगदी पत्नीला किंवा पतीलाही, मिळता कामा नये. प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी असते. नव्या शिकाऱ्याला १२ बोअरची, एकावर एक नळ्या असलेली साधी जुनी बंदूकही पुरते. मात्र तिचा दस्ता आपल्या खांद्याला आणि गालाला नीट बसतो की नाही हे बंदूकवाल्या दुकानदाराकडून तपासून घ्यावे. काडतुसे २८ ते ३० ग्रॅमची, ६ नंबरच्या छऱ्यांची घ्यावीत. ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्वेशनसारख्या संघटनेचे सदस्यत्व घेतल्यास विमाही मिळतो, आणि विम्याशिवाय कोणाच्या शेतात पाऊल टाकू नये असे माझे ठाम मत आहे.

खरी अवघड गोष्ट म्हणजे शेत मिळणे. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय काहीच करता येत नाही आणि अनोळखी माणसाला ती सहजी मिळत नाही. कापणीच्या किंवा मेंढ्या विण्याच्या धांदलीत न जाता, दिवसाउजेडी, आधी फोन करून भेटावे. प्रमाणपत्र व विम्याची प्रत दाखवावी, गाडीचा क्रमांक द्यावा आणि परवानगी शक्यतो लेखी घ्यावी. नकार मिळाला तरी आपला फोन क्रमांक ठेवून यावे, कारण वाटाणा उगवू लागला आणि थवे उतरू लागले की तोच शेतकरी फोन करतो. शेतांची फाटके जशी सापडली तशी ठेवावीत. उघडे होते ते उघडे, बंद होते ते बंद.

परवानगी मिळाली तरी पहिल्या दिवशी बंदूक घरीच ठेवावी आणि दुर्बीण न्यावी. हिवाळ्यात रानकबुतरे ऑइलसीड रेप या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकाच्या पानांवर तुटून पडतात, वसंतात नुकत्याच पेरलेल्या वाटाण्यावर व बार्लीवर येतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये लोळलेल्या गव्हात, नंतर धसकटांत सांडलेल्या दाण्यांवर उतरतात. ती शेतात वाटेल तिकडून येत नाहीत. झाडांची रांग, कुंपणाचा कोपरा, एखादी घळ धरून त्यांचा ठरलेला हवाई मार्ग असतो आणि वारा बदलला की तोही बदलतो. तासभर एका जागी बसून पाहिले, तर एकामागून एक पक्षी त्याच ओकच्या झाडावरून वळताना दिसतात. बसायची जागा या मार्गावर हवी. पक्षी चरताना दिसले तेथेच बसणारा माणूस अनेकदा रिकाम्या हाताने परततो.

लपण कुंपणाच्या सावलीत, शक्यतो वारा पाठीवर येईल असे करावे. कबुतर वाऱ्याकडे तोंड करून उतरते, त्यामुळे ते समोरून आपल्याकडे येते. लपणाची जाळी, आपण बसल्यावर डोळ्यांच्या उंचीपर्यंत येईल एवढी, पुरेशी असते आणि तिच्यात तेथलाच पाला खोवावा. चेहरा व हात झाकावेत, कारण वर वळलेला उघडा चेहरा त्यांना फार लांबून दिसतो. डिकॉय, म्हणजे फसवी कबुतरे, दहाबारा पुरेत. ती लपणापासून वीस-पंचवीस मीटरवर नालाच्या आकारात, एकमेकांपासून पाऊण-एक मीटर अंतरावर, बहुतेकांची तोंडे वाऱ्याकडे करून ठेवावीत आणि मध्ये उतरण्यासाठी मोकळी जागा सोडावी. उन्हात चकाकणारे प्लॅस्टिक पक्ष्यांना बिचकवते. बॅटरीवर डिकॉय गरगर फिरवणारे यंत्र वर्दळीच्या दिवशी उपयोगी पडते, पण पक्षी त्याला पाहून वळत असतील तर ते बंद करावे.

पंख ताठ धरून मोकळ्या जागेवर तरंगत येणारा पक्षी नवशिक्यासाठी योग्य. नळी पक्ष्याच्या मागून आणत त्याच्या पुढे न्यावी, चाप ओढावा आणि हात थांबवू नये. बहुतेकांचा नेम चुकतो तो हात थांबल्यामुळे. पस्तीस मीटरपलीकडे बार टाकू नये, कारण त्या अंतरावर पक्षी मरण्याऐवजी जखमी होतो. जखमी पक्षी दिसताच बंदूक रिकामी करून जावे आणि त्याला ताबडतोब वेदनामुक्त करावे. पुढचा थवा येत असला तरी हे काम आधी. छरे अडीचशे मीटरहून दूर पडू शकतात आणि इंग्लंडमध्ये शेतांतून सार्वजनिक पायवाटा जातात, म्हणून नकाशावर त्या आधीच पाहून बंदूक कोणत्या दिशांना वळवायची नाही हे ठरवून बसावे.

इतर क्षेत्रीय खेळांची ओळख करून घ्यायची असेल, तर १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी या फेझंट नावाच्या शिकारी पक्ष्याच्या, म्हणजे ज्याची शिकार होते त्या पक्ष्याच्या, हंगामात पक्षी उठवणाऱ्या हाकाऱ्यांमध्ये सामील व्हावे. दिवसाचे थोडे पैसे मिळतात, कुत्र्यांचे काम पाहता येते आणि गेमकीपर, म्हणजे शिकारीच्या पक्ष्यांची निगा राखणारा कर्मचारी, माणसाची पारख तेथेच करतो. पुढे शेतांची दारे उघडतात ती बहुतांशी याच ओळखीतून.

मारलेले पक्षी ढीग न करता सावलीत पसरून ठेवावेत, विशेषतः उन्हाळ्यात. छातीचे मांस गडद व बिनचरबीचे असते. ते तव्यावर थोडाच वेळ परतावे, किंवा आख्खा पक्षी काळ्या मसाल्यात मंद आचेवर शिजवावा, आणि शिजवण्यापूर्वी मांसातील छरे बोटांनी चाचपून काढावेत. साफ करताना गळ्याची पिशवी कापून पाहावी. ती कधी रेपच्या चुरगळलेल्या पानांनी, तर कधी शेजारच्या शेतातील वाटाण्यांनी टम्म भरलेली असते. आत काय निघाले आणि किती पक्षी मारले हे त्याच संध्याकाळी शेतकऱ्याला कळवावे. पुढच्या वेळी कोणत्या रानात बसायचे ते पुष्कळदा त्याच फोनवर ठरते.