पॉलिमर क्लेच्या दागिन्यांसाठी ‘मोका मूस’ छटा

रंगांची मानके ठरवणाऱ्या पँटोन या कंपनीने 2025 सालचा रंग म्हणून निवडलेली ‘मोका मूस’ ही उबदार तपकिरी छटा पॉलिमर क्लेमध्ये (ओव्हनमध्ये भाजल्यावर कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीत) तयार करताना सुरुवात पांढऱ्या क्लेपासून करावी. गडद क्लेचा रंग तीव्र असल्यामुळे तपकिरीत पांढरा मिसळत गेल्यास छटा उजळेपर्यंत गरजेपेक्षा कितीतरी मोठा गोळा तयार होतो. सारख्या जाडीच्या पट्टीतून एकाच साच्याने चकत्या कापल्या, तर प्रमाण अचूक मोजता येते. पांढऱ्याच्या चार चकत्यांमध्ये तपकिरीची एकेक चकती घालत, रंगाच्या रेघा दिसेनाशा होईपर्यंत मळावे, आणि छटा राखाडीकडे झुकली तर केशरी क्लेचा मुगाएवढा कण मिसळावा.

दागिना घडवण्यापूर्वी एक चकती भाजून पाहावीच, कारण भाजल्यावर अनेक रंग थोडे गडद होतात. घाईत हीच पायरी वगळली जाते, म्हणून ती आवर्जून सांगावीशी वाटते. तापमान पाकिटावरील सूचनेप्रमाणे ठेवावे. फिमो सॉफ्ट या ब्रँडच्या क्लेसाठी 110 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे पुरतात. ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवावा. जमलेले प्रमाण भाजलेल्या चकतीच्या मागे लिहून ठेवल्यास हरवलेल्या कानातल्याचा जोडीदार पुन्हा त्याच रंगात करता येतो.