जुनी इमारत पाडताना या चुका टाळा: पाडकामाचा क्रम भंगाराच्या हिशेबाने ठरवू नका

मुंबई, ठाणे आणि पुण्यात पुनर्विकासासाठी जुनी इमारत पाडण्याचे काम बहुतेक वेळा भंगाराच्या बोलीवर दिले जाते. पाडकामाच्या ठेकेदाराला मजुरी मिळण्याऐवजी तोच विकासकाला रक्कम देतो आणि सळ्या, गर्डर, सागवानी दारे, खिडक्यांच्या जाळ्या यांच्या विक्रीतून आपला खर्च व नफा काढतो. या व्यवहारात बेकायदा असे काही नाही. मात्र त्याचा परिणाम असा होतो की ज्या वस्तूला बाजारात भाव आहे ती आधी निघते आणि ज्या वस्तूवर मजुराचा जीव अवलंबून आहे तीही त्याच ओघात निघून जाते. या लेखातील बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कठडे आणि जाळ्या. बाल्कनीचा लोखंडी कठडा, जिन्याचा गज आणि लिफ्टची दारे पहिल्या आठवड्यातच उतरवली जातात आणि पुढचे कित्येक दिवस त्याच उघड्या कडांजवळ मजूर घण चालवत राहतात. ज्या मजल्याचे तोडकाम सुरू व्हायचे आहे, त्याच मजल्याचे कठडे काढावेत. आधी काढावेच लागले तर बांबूची किंवा पाइपची आडवी बांधणी त्याच दिवशी करावी आणि लिफ्टच्या मोकळ्या खड्ड्यावर फळ्या ठोकाव्यात. चुन्यात बांधलेल्या जुन्या चाळींमध्ये हा धोका आणखी वाढतो, कारण तेथे लाकडी खांब आणि तुळया हाच इमारतीचा सांगाडा असतो. वरचा मजला पूर्ण उतरण्यापूर्वी खालची चांगली तुळई विक्रीसाठी ओढून काढणे म्हणजे वरचा सगळा भार अधांतरी ठेवणे होय.

बांधकाम ज्या क्रमाने झाले त्याच्या उलट क्रमाने, वरून खाली आणि एकेक मजला पूर्ण संपवत पाडकाम करावे, हे इमारती पाडण्यासंबंधीच्या ‘आयएस ४१३०’ या भारतीय मानकातील मूळ तत्त्व आहे. ते सर्वांना पाठ असते, पण छज्ज्यापाशी येऊन बहुतेक जण चुकतात. जुन्या इमारतींतील अनेक छज्जे लिंटेलमधून, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईतून, बाहेर आलेले असतात आणि त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीच्या वजनामुळेच ते तोल धरून असतात. मजुराला भिंत फोडणे सोपे वाटते म्हणून तो आधी भिंत काढतो. शेवटचे काही थर निघाले की छज्जा लिंटेलसकट बाहेरच्या बाजूला उलटतो आणि त्या वेळी त्याच्यावर उभा असलेला माणूसही त्याच्याबरोबर जातो. बाहेर झुकलेला प्रत्येक भाग आधी टेकू देऊन तोडावा, त्याला तोलणारी भिंत नंतर काढावी. जिना मात्र त्या मजल्यापुरता शेवटपर्यंत ठेवावा, कारण सुटकेची वाट तीच असते.

दुसरी मोठी चूक राडारोड्याची आहे आणि ती साध्या गणिताने समजते. राहत्या घराचा स्लॅब वापराच्या भारासाठी, म्हणजे माणसे आणि सामानाच्या वजनासाठी, साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो धरून आखलेला असतो. फुटलेल्या काँक्रीटचा आणि विटांचा ढीग घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरतो, म्हणजे फूटभर उंचीचा थर साचला तरी चौरस मीटरला सुमारे ४५० किलो होतात. सळ्या गंजून ज्या स्लॅबचे आवरण सुटले आहे आणि ज्या कारणाने इमारत धोकादायक ठरली आहे, त्याच स्लॅबवर आपण दुपटीहून अधिक भार टाकतो. त्यावर छोटे ब्रेकर यंत्र चढवले की मजला खालच्या मजल्यावर बसतो आणि मग एकामागून एक मजले खाली येतात. राडारोडा दररोज खाली उतरला पाहिजे, आणि यंत्र स्लॅबवर चढवायचेच असेल तर खालच्या किती मजल्यांना लोखंडी जॅक (उभे टेकू) लावायचे हे संरचना अभियंत्याने लेखी द्यावे. मुकादमाच्या अंदाजावर ते सोडू नये.

हा राडारोडा लिफ्टच्या खड्ड्यातून किंवा डक्टमधून खाली सोडण्याची पद्धत सोयीची असली तरी तिच्यात दोन सापळे आहेत. खाली तोंड तुंबले की खड्डा भरत जातो आणि आतल्या दाबाने त्याची विटांची भिंत फुटते. किंवा तुंबलेले मोकळे करायला कोणी खाली शिरतो आणि वरच्याला ते कळत नाही. राडारोडा खाली सोडण्याची घसरण (उतरती नळी) ४५ अंशांपेक्षा अधिक उताराची असेल तर ती चारही बाजूंनी बंद असावी, असे मानक सांगते. खालचा माणूस बाहेर आल्याची खूण मिळेपर्यंत वरून काहीही न टाकण्याचा नियम आपण स्वतः घालून घ्यावा.

वीज, गॅस आणि पाणी तोडल्याचे पत्र फाइलमध्ये असते, पण जुन्या सोसायटीत पंपाची किंवा जिन्याच्या दिव्याची एखादी वायर शेजारच्या विंगमधून आलेली असते आणि मीटर काढूनही ती जिवंत राहते. मजल्यामजल्यावर टेस्टर लावून पाहावे. पाइपगॅसची जोडणी संबंधित कंपनीच्या माणसाकडूनच इमारतीबाहेर तोडून घ्यावी. गच्चीवरची टाकी रिकामी आहे की नाही हेही चढून पाहावे, कारण टाकीत उरलेले पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच टन वजन असते.

मूळ नकाशे नसतील तर काही ठिकाणी काँक्रीटचे आवरण फोडून आतली सळई पाहण्याला पर्याय नाही. पुण्यातील चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटके वापरून उडवण्यात आला, तेव्हाही त्याचा काही भाग उभाच राहिला आणि उरलेले काम यंत्रांनी करावे लागले. अपेक्षेपेक्षा अधिक सळई निघाल्याचे कारण त्या वेळी सांगण्यात आले. एवढ्या तयारीच्या कामात असे होऊ शकते, तर चार मजली सोसायटीत दोन वेळा वाढवलेल्या बाल्कन्यांच्या आत काय दडले आहे याचा अंदाज बाहेरून कसा करणार?

धुळीच्या बाबतीत मुंबई महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: पाडली जाणारी इमारत वरपासून खालपर्यंत ताडपत्री, हिरवे कापड किंवा गोणपाटाने झाकावी आणि पाण्याची फवारणी सतत सुरू ठेवावी. अडचण अंमलबजावणीत येते. फवाऱ्याऐवजी मोठा पाइप सोडला की ढीग पाणी पिऊन जड होतो आणि चुन्याच्या भिंती मऊ पडतात. पाणी तुषारासारखे आणि फोडण्याच्या जागेवरच हवे. कापड धरणारी बांबूची परांची भिंतीलाच बांधलेली असते, हेही विसरले जाते. भिंत दोन मजले खाली आली आणि परांची वर तशीच राहिली, तर वाऱ्याने फुगणारे कापड तिला रस्त्यावर ओढून आणते. भिंतीबरोबर परांचीही उतरली पाहिजे.

पोकलेनने काम चालू असताना इमारतीत एकही मजूर नसावा आणि भिंतीच्या उंचीच्या किमान दीडपट अंतर मोकळे ठेवून तेथे अडथळे उभारावेत, असे मानकात आहे. गिरगाव किंवा पुण्याच्या पेठांमध्ये एवढी जागा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हाताने, मजला-मजला पाडणे हेच आहे, अंतर कमी करणे हे नाही. शेजारच्या इमारतीशी भिंत सामाईक असेल तर तिला आधार देऊनच आपले मजले काढावेत आणि तिच्यावरच्या जुन्या तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवाव्यात. काच फुटली तर तडा हलत आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

काम सुरू असताना छतातून वाळू झरू लागली, लाकूड कुरकुरले, जॅक वाकलेला दिसला किंवा नवा तडा बीम आणि कॉलमच्या सांध्यावर आला, तर पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘आणखी एक टेकू लावा’ अशी असते आणि तीच जीवघेणी ठरते. हलत्या स्लॅबखाली कोणालाही पाठवू नये. ब्रेकर थांबवावा, सर्वांना बाहेर काढून डोकी मोजावीत, रस्त्याची ती बाजू बंद करावी आणि पुढचा भाग बाहेरून लांब हाताच्या यंत्राने उतरवता येतो का हे अभियंत्याने पाहावे.

संध्याकाळी काम थांबवताना एकही भिंत एकटी उभी राहणार नाही अशा टप्प्यावर थांबावे, कारण रात्री पाऊस आला तर तिला धरणारे काही नसते. प्रवेशावर कुलूप आणि लाल दिवा हवा. मी पाहिलेल्या कितीतरी साइटवर दिवसभर वरचे मजले फोडणारे मजूर रात्री त्याच इमारतीच्या तळमजल्यावर चूल मांडून झोपत असत, कारण ठेक्यात निवाऱ्याचा खर्च कुठेच धरलेला नव्हता. भंगाराची बोली ठरवतानाच बाहेरच्या शेडचे भाडे त्यात धरावे आणि ती शेड उभी राहिल्यावरच पहिला घण पडू द्यावा.