मुंबई ते दिल्ली: हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ कागदावर कसा काढायचा

रेल्वेने हे अंतर १,३८५ किलोमीटरच्या आसपास भरतं, रस्त्याने साधारण १,४००. विमानाच्या हिशेबात हे दोन्ही आकडे विसरा. इथे लागतात फक्त दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश: मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व.

अक्षांशांतला फरक ९.४८. एका अंशाला १११ किलोमीटर धरा, म्हणजे १,०५२. रेखांशांतला फरक ४.२३, पण उत्तरेकडे जावं तशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात. म्हणून १११ ने गुणल्यावर मधल्या अक्षांशाच्या (२३.८) कोसाइनने, म्हणजे ०.९१५ ने, पुन्हा गुणायचं: ४३०. आता पायथागोरस. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: सुमारे १,१३६ किलोमीटर. कोसाइन विसरलात तर उत्तर फुगतं, आणि बहुतेकांची चूक नेमकी तिथेच होते.

ही युक्ती देशातल्या देशात चालते. मुंबई-लंडनला लावाल तर साडेसात हजारांच्या वर जाल. खरं अंतर ७,२०० च्या आसपास आहे. लांब पल्ल्याला पृथ्वीचा गोलावा धरणारं हॅवरसाइन सूत्रच वापरा. एखाद्या तक्त्यात मुंबई-दिल्लीसाठी ६१४ असा आकडा दिसला तर दचकू नका, ते सागरी मैल आहेत, १.८५२ ने गुणा.

आता वेळ. एअरबस ए३२० उंचावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. प्रत्यक्ष मार्ग थोडा वाकडा असतो, म्हणून ८०० धरा: ८५ मिनिटं. चढता-उतरताना वेग कमी असतो, त्याची २०-२५ मिनिटं. हवेतला वेळ झाला पावणेदोन तास किंवा किंचित जास्त. वेळापत्रकातला वेळ मात्र गेट ते गेट असतो. मुंबईत धावपट्टीपर्यंत रांगत जायला १५ मिनिटं, दिल्लीत उतरून गेटला लागायला १०, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास. त्यात विमान कंपन्या थोडी सैल जागाही ठेवतात. उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोहोचतं ते त्यामुळेच.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. त्यामुळे परतताना विमान कधी आकाशातच घिरट्या घालतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे सकाळचा हिशेब तर पार कोलमडतो. वाऱ्याचा फरक पूर्व-पश्चिम मार्गांवर जास्त जाणवतो: हिवाळ्यात कोलकात्याहून मुंबईला येताना वारा समोरून असतो, जाताना पाठीशी.

परदेशी तिकिटावर सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. मुंबईहून दुपारी १:३० ला सुटून लंडनला संध्याकाळी ६:३० ला पोहोचणं म्हणजे पाच तास नव्हेत. उन्हाळ्यात साडेचार तास मिळवा, म्हणजे साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच.

आणि गोव्याचं अंतर काढण्याआधी तिकिटावर दाबोळी आहे की पेडण्याजवळचं मोपा, तेवढं पाहून घ्या. हवाई अंतर थोडंच बदलेल, टॅक्सीचं भाडं बरंच.